कंकाचे फासे

आखाजी आली की मेहरूणच्या ओट्यांवर पत्ते निघत. बायका झोक्यांकडे आणि गौराईच्या गाण्यांकडे, चुलीवर खापराचे मांडे, पातेल्यात आमरस, आणि पुरुषमंडळी कडुनिंबाखाली घोंगडी टाकून बसलेली. अक्षय्य तृतीयेचे आणि जुगाराचे हे नाते खानदेशाबाहेरच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. आम्हाला त्यात वावगे काही दिसत नसे. वर्षभर पत्त्याला न शिवणारा माणूसही त्या दिवशी एखादा डाव टाकी. तरुण पोरे तीन पत्ती नाहीतर झन्ना-मन्ना खेळत, पोक्त मंडळी रमी. मेहरूण तेव्हा तलावाकाठचे, बोरांसाठी नाव असलेले गाव होते. जळगाव शहराने त्याला अजून पुरते पोटात घेतले नव्हते.

माझे मोठे मामा रमीला बसले की टाकलेला प्रत्येक पत्ता त्यांच्या डोक्यात राही. कोणाच्या हातात काय उरले असेल, हे ते बोटांवर सांगत. दोन आखाज्या ते जिंकले आणि तिसऱ्या वर्षी त्यांना डावात कोणी घेईना. मग मामा बदलले. पहिली संध्याकाळ हरायचे, हरताना मोठ्याने चडफडायचे, आणि अगदी लक्षात असलेल्या पत्त्याबद्दल शेजाऱ्याला विचारायचे, ‘मघाशी चौकट कोणी टाकली रे?’ आई म्हणे, दादा विसरत नाही, विसरल्याचे करतो. मी एकदा त्यांना छेडले तेव्हा ते म्हणाले, ‘पत्ता नई बोलत रे, मानूस बोलतो.’

हा लेख मामांवर नाही. पण पुढे कसिनोतल्या ‘ब्लॅकजॅक’ या खेळाविषयी वाचताना आणि त्याच सुमारास महाभारताचे विराटपर्व पुन्हा चाळताना मला मामांचे ते चडफडणे आठवले. मोजण्याची विद्या आणि ती लपवण्याची विद्या या दोन वेगळ्या आहेत. आपल्या वाङ्मयाने पहिलीबद्दल थोडे आणि दुसरीबद्दल पुष्कळ सांगून ठेवले आहे. आपण मात्र द्यूत म्हटले की फक्त व्यसन वाचत आलो.

आधी खेळ समजून घेऊ. ब्लॅकजॅकमध्ये खेळाडूची लढत घराशी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याशी असते. एकवीसच्या आत राहून घरापेक्षा वरचढ बेरीज करायची. वाटलेले पत्ते बाजूला पडतात, परत जुडीत मिसळत नाहीत. म्हणून उरलेल्या जुडीचे स्वरूप दर डावाला बदलत जाते. दश्श्या, चित्रे आणि एक्के जास्त उरले तर खेळाडूचे पारडे जड, दुरी ते छक्की जास्त उरली तर घराचे. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने एम.आय.टी.तल्या संगणकावर याचा हिशेब मांडला आणि १९६२ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे रूढ झालेली साधी रीत अशी : लहान पत्ता गेला की एक मिळवायचा, मोठा गेला की एक वजा करायचा, सत्ती ते नव्वीकडे दुर्लक्ष करायचे. बेरीज वाढली की पैज वाढवायची. मिळणारी आघाडी शेकडा एक-दीडच्या आसपासची, म्हणजे वाण्याच्या तराजूतल्या पासंगाएवढी. पण रात्रभर बसले तर तेवढी पुरते.

आणि पकडला जातो तो याच जागी. मोजणाऱ्याचा चेहरा कोणी वाचत नाही. छतातल्या कॅमेऱ्यामागे बसलेला माणूस त्याची पैज वाचतो. ज्या क्षणी उरलेली जुडी खेळाडूच्या बाजूला झुकते नेमक्या त्याच क्षणी याची पैज फुगते, असे चार-सहा वेळा झाले की खांद्यावर हात पडतो. घरही मोजत असते. ते पत्त्यांबरोबर मोजणाऱ्यालाही मोजते. म्हणून मग सोंगे आली. झिंगल्याचे सोंग, बापाचा पैसा उडवणाऱ्याचे सोंग, मुद्दाम एखादा डाव चुकीचा खेळणे. १९७०च्या दशकात टोळ्या आल्या : चार जण चार टेबलांवर बारीक पैजा लावून नुसते मोजत बसणार, जुडी तापली की खूण करणार, आणि आपण त्या गावचेच नाही असा एक श्रीमंत गडी येऊन तिथे थैली रिकामी करणार. त्याने काही मोजलेले नसते, म्हणून त्याच्या पैजेला चढउतार नसतो. केन उस्टन हा त्यातला गाजलेला खेळाडू. त्याचा चेहराच ओळखीचा झाला तेव्हा तो वेषांतर करून जाऊ लागला. त्याला बाहेर काढणाऱ्या अटलांटिक सिटीच्या कसिनोविरुद्ध तो न्यायालयात गेला, आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने, केवळ मोजतो म्हणून माणसाला हाकलण्याचा अधिकार कसिनोला नाही, असा निकाल दिला. कसिनोंनी निकाल मानला आणि जुड्या वाढवल्या, पिसणे लवकर सुरू केले.

आपल्याकडचा कायदा याच्या बरोबर उलट्या अंगाने गेला आहे, आणि ते मला मोठे गमतीचे वाटते. मुंबई इलाख्याचा १८८७चा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला हात लावत नाही. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवले. कारणांत एक कारण असे की पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. म्हणजे आमच्या मामांचा जो गुण त्यांना डावातून उठवी, तोच गुण त्या खेळाला कायद्याच्या कचाट्यातून सोडवतो. जुगार नसण्याची खूण म्हणजे मोजता येणे. आणि जिथे जुगाराला परवाना आहे तिथे, अगदी मांडवीतल्या बोटींवरसुद्धा, मोजणारा गिऱ्हाईक कोणत्याच घराला आवडणार नाही.

ज्ञानेश्वरांनी दहाव्या अध्यायात विभूती सांगताना द्यूतावर जे भाष्य केले आहे ते इथे आठवते. कपटी विद्यांमध्ये द्यूत ही देवाची विभूती का, तर ही चव्हाट्यावर उघड होणारी चोरी आहे आणि तरी कोणाला ती अडवता येत नाही. गीतेत नुसता उल्लेख आहे; चव्हाटा ज्ञानेश्वरांचा आहे. ज्याने पैठण-नेवाशाचे बाजार पाहिले त्यालाच हे सुचावे. उघड चोरी घराची असते. मोजणारा तिला उलटवू पाहतो म्हणून त्याला झाकून राहावे लागते.

आता नळाकडे येतो. मराठी वाचकाचा नळ हा हंसाचा नळ आहे. रघुनाथ पंडिताच्या आख्यानाने तो आपल्या मनात बसवला, आणि ते आख्यान स्वयंवराचे. श्रीहर्षाच्या नैषधाची वाट तीच, तिथेही लग्नानंतर फार पुढे जायचे नाही. त्यामुळे फाशांचा नळ, त्यातही दुसऱ्यांदा फासे हातात घेणारा नळ, पाठ्यपुस्तकांतून आणि कीर्तनांतून जवळजवळ निसटलाच. वनपर्वात मात्र कथेचा सांधा तिथेच आहे. राज्य हरलेला, कर्कोटकाच्या दंशाने कुरूप झालेला नळ ‘बाहुक’ नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. विदर्भाकडे धावणाऱ्या रथातून ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि सांगून टाकतो : खाली पडलेली पाने-फळे झाडावरच्यांपेक्षा एकशे एकने जास्त आहेत, दोन फांद्यांवर पाने पाच कोटी, फळे दोन हजार पंचाण्णव. नळ रथ थांबवतो. राजाला घाई आहे, तरी हा ऐकत नाही. झाड तोडून फळे मोजतो, आणि संख्या बरोबर निघते.

झाड बेहड्याचेच का? कारण वेदकाळापासून फासे बेहड्याच्या फळांचे. हाइनरिश ल्यूडर्स या जर्मन पंडिताने १९०७ मध्ये प्राचीन भारतीय द्यूतावर लिहिताना दाखवून दिले, की त्या खेळात ढिगातून उचललेल्या फळांना चाराने भाग जातो का याला महत्त्व होते. निःशेष भाग गेला तर कृत, एक उरला तर कली. म्हणजे नजरेच्या एका फेकीत ढीग मोजता येणे हेच त्या खेळाचे मर्म. ऋतुपर्णाने शिकवलेले ‘अक्षहृदय’ मंत्र असेल, पण व्यासांनी त्याचे प्रात्यक्षिक मंत्राने दाखवलेले नाही, झाड मोजून दाखवले आहे. ती विद्या मिळताच नळाच्या अंगातला कली विष ओकत बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो. उरलेला एक, तोही मोजला गेला.

आमच्या जिल्ह्यापुरते एक सांगण्याचा मोह आवरत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. त्या मठात ‘लीलावती’ नक्कीच शिकवली जात असणार, आणि लीलावतीच्या शेवटी ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारांनी धरता येतील? छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. विष्णूच्या चार हातांत? चोवीस. मांडणीच्या शक्यता मोजण्याचे हे गणित देवाच्या मूर्तीवर केले की पुण्य, पत्त्यांच्या जुडीवर केले की मामांना उठा म्हणायचे.

नळ परत येतो तो सैन्य घेऊन नव्हे. एक रथ, सोळा हत्ती, पन्नास घोडे, सहाशे पायदळ एवढाच लवाजमा. तो पुष्कराला म्हणतो, मी धन मिळवले आहे, पुन्हा खेळू. पणाला दमयंतीही लावतो. पुष्कर हसतो, खूश होतो. त्याच्या डोळ्यांसमोर कालचा हरलेला, हरून पुन्हा हरायला आलेला जुगारी उभा आहे. हाच तो क्षण, ज्यासाठी कसिनोतला माणूस झिंगल्याचे सोंग करतो. नळाला सोंग करावे लागत नाही. त्याची बदनामी हेच त्याचे सोंग. बाहुकाचे रूप त्याने केव्हाच टाकले आहे. इथे त्याने लपवली आहे ती विद्या, आणि लपवली आहे स्वतःच्या खऱ्या नावाआड. एका फेकीत तो सगळे जिंकतो. जिंकल्यावर पुष्कराला सांगतो, की पूर्वी तू मला हरवले नाहीस, ते कलीचे काम होते. त्याला क्षमा करतो, त्याचा वाटा परत देतो. पण ऋतुपर्णाचे आणि झाडाचे नाव काढत नाही. माझ्या मते ही कवीची विसरभोळी नव्हे. घराला कधी सांगायचे नसते.

याच्या शेजारी मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकातला संवाहक ठेवून पाहावा. दहा सुवर्ण हरलेला हा जुगारी धनकोंना चुकवण्यासाठी उलट्या पावलांनी रिकाम्या देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. माथुर आणि दुसरा जुगारी पाऊलखुणांवरून येतात, संशयाने मूर्तीकडे पाहतात, आणि मग तिच्यासमोरच बसून खेळू लागतात. फाशांचा खुळखुळाट कानी पडतो आणि मूर्तीच्या तोंडून शब्द निघतो : आता माझा डाव! हसू येते, पण शूद्रकाने इथे एक नेमके सत्य पकडले आहे. लपणाऱ्याला पाऊलखुणा पकडून देत नाहीत. खेळाची नाडी पकडून देते. आखाजीला मामा मला ‘मानूस बोलतो’ म्हणाले ते हेच. मोजणाऱ्याची पैज फुगते तेव्हाही मूर्तीच बोललेली असते.

आणि आता विराटपर्व. मराठी मनात ते म्हणजे कीचकवध. त्यातही खाडिलकरांचे १९०७चे नाटक, ज्यात कीचकाआड कर्झन दिसला आणि ज्यावर १९१०मध्ये सरकारने बंदी घातली. त्या नाटकातला कंकभट प्रेक्षकांनी मवाळ म्हणून ओळखला : बल्लव मुठी आवळतो, कंकभट धीर धरा म्हणतो. काळाची ती गरज होती. पण त्या वाचनाने कंकाच्या हातातले फासे काढून घेतले ते आजतागायत परत दिलेले नाहीत. भांडारकर संस्थेची विराटपर्वाची प्रत १९३६ पासून उपलब्ध आहे. ती उघडली की कंक पहिल्या भेटीपासून जुगारी म्हणूनच बोलतो.

तो विराटाला सांगतो : मी वैयाघ्रपद्य गोत्राचा ब्राह्मण, पूर्वी युधिष्ठिराचा मित्र होतो, फासे टाकण्यात निपुण आहे. आणि एक वर मागतो, की मी ज्याला जिंकेन त्याने धन अडवून धरू नये. केन उस्टनला न्यायालयात जाऊन जे मागावे लागले, त्याच्या जवळपासचेच हे मागणे. विराट तर त्याला आपल्या बरोबरीने वागवायचे, वाहन, वस्त्र, अन्न सारे द्यायचे कबूल करतो.

बृहदश्व ऋषीने नळाची कथा सांगून झाल्यावर युधिष्ठिराला अक्षहृदय दिले होते, कारण पुन्हा कोणी द्यूताला बोलावील ही भीती त्याला सोडत नव्हती. त्या विद्येचा उपयोग तो कुठे करतो? हस्तिनापुरात नाही. शकुनीसमोर तो पुन्हा बसलाच नाही. तो ती वापरतो विराटाच्या सभेत. व्यास स्पष्ट सांगतात की अक्षहृदय जाणणारा हा पांडव सभेतल्या लोकांना पाय दोरीने बांधलेल्या पक्ष्यांसारखा हवा तसा खेळवी. आणि जिंकलेले धन विराटाच्या नकळत भावांना वाटून देई. भावांचीही कमाई अशीच फिरते. भीम मुदपाकखान्यातले उरलेसुरले देतो, अर्जुन अंतःपुरातली जुनी वस्त्रे, नकुल-सहदेव आपापले. दिवसा कोणी कोणाला ओळखत नाही. चार जण चार टेबलांवर आणि थैली एक.

‘विराटाच्या नकळत’ यासाठी मूळ संस्कृतात जो शब्द आहे तो ‘अज्ञात’. वर्षाचे नावही तेच. कवीने एकाच शब्दाने वेषही झाकला आणि जमाखर्चही.

इथे नळ आणि कंक यांच्यातला फरक मला दिसतो, आणि या लेखात सांगायचे ते एवढेच आहे. नळ आपल्या नावाआड विद्या लपवतो. कंक विद्येआड नाव लपवतो. सगळ्या आर्यावर्ताला युधिष्ठिर माहीत होता तो सर्वस्व हरलेला माणूस म्हणून. दुर्योधनाचे हेर हरणाऱ्याला शोधत असणार. मत्स्यदेशाच्या सभेत रोज जिंकणारा ब्राह्मण युधिष्ठिर असेल, हे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. जिंकणे हाच त्याचा बुरखा. द्रौपदीने सैरंध्री होण्यात किंवा अर्जुनाने बृहन्नडा होण्यात जी नाट्यमयता आहे ती डोळ्यांत भरते. धर्मराजाचे सोंग त्याहून धीट आहे, कारण ज्या गोष्टीने त्याला जगभर ओळख दिली तीच गोष्ट तो उघड्यावर करतो, फक्त उलट निकाल लावून.

मग ही फसवणूक आहे का? मोजणे फसवणूक नाही, हे मला मान्य आहे. डोके वापरल्याबद्दल कोणी चोर ठरत नाही. पण कंक ज्याच्याशी खेळतो ते घर कसिनो नाही. विराटाने त्याला ताटाला ताट लावून बसवले आहे. अशा यजमानाचे धन न सांगता भावांकडे वळवणे, हे धर्मराजाच्या नावाला शोभते का? टीकाकार इथून पाऊल न वाजवता जातात. मला वाटते व्यासांना ते बोचले होते. गायी सोडवून उत्तर परत येतो त्या दिवशी विराट आनंदाने द्यूत मांडायला सांगतो, तेव्हा कंक प्रथम टाळतो. आनंदात असलेल्याने जुगाऱ्याशी खेळू नये म्हणतो, युधिष्ठिर राज्य हरला त्याचा दाखला देतो. स्वतःचाच दाखला, तिऱ्हाइताच्या तोंडाने. राजा ऐकत नाही. खेळता खेळता कंक बृहन्नडेची स्तुती करतो, आणि चिडून विराट हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकतो. नाकातून रक्त येते. ते जमिनीवर पडू नये म्हणून कंक हाताची ओंजळ धरतो आणि द्रौपदी सोन्याचे पात्र पुढे करते. वर्षभर ज्या फाशांनी त्याने यजमानाला हरवले त्यातल्याच एकाने केलेली ही वसुली, असे मी वाचतो. वाचकाने तसे वाचायलाच हवे असे नाही.

ओळख उघडी पडते, अभिमन्यूचे लग्न होते, आणि उद्योगपर्वाच्या आरंभी सगळे राजे विराटाच्याच सभेत जमतात. बलराम उठतो आणि रोखठोक बोलतो : शकुनीचा काय दोष, सर्वांनी आवरत असताना या युधिष्ठिरानेच, खेळ येत नसताना, त्या पटाईताला आव्हान दिले. सात्यकी संतापून उत्तर देतो, धर्मराजाची बाजू घेतो. पण तोही म्हणतो तेच, की फाशांतल्या पंडितांनी ज्याला फासे कळत नाहीत अशाला बोलावून जिंकले. त्या सभेत विराट बसलेला आहे. वर्षभर या माणसाशी खेळून तो जे हरला ते त्याला आठवत असणार. तो काही बोलत नाही. युधिष्ठिरही काही बोलत नाही.